चूक की बरोबर

मादीतली शाळा, सहावी ब, बेचाळीस उत्तरपत्रिका,
लाल पेन, साय धरलेला चहा
आणि प्रश्न तिसरा: विधान चूक की बरोबर ते सांगा, कारण लिहा.

इंजी लिहिते, पेट्रोल म्हणजे डायनोसॉरचा रस.
शेजारी चित्रही, पंपाच्या नळीतून डोकावणारी लांब मान.
इतकी सुरेख, की फुली मारताना हात जड होतो.
अगं, आपली मायक्रोबस ज्यांच्यावर धावते
ते तुझ्या नखावर मावले असते, शेकड्यांनी.
समुद्रात तरंगायचे, ऊन खायचे,
मरून गाळात बसायचे.
त्यांचं चित्र काढणार कोण?

हाझिमचं म्हणणं, लाकूड संपलं म्हणून कोळसा आला,
कोळसा संपला म्हणून तेल.
पुस्तकातही तसेच बाण आहेत, एकापुढे एक,
जणू पाहुणे रांगेने आले आणि रांगेने निरोप घेऊन गेले.
निरोप कुणी घेतलाच नाही रे.
माझी मावशी मिन्याजवळच्या खेड्यात
अजून कापसाच्या काड्यांवर रोट भाजते,
आणि जगात आज जळतो तेवढा कोळसा
तिच्या आजीच्या काळात कधीच जळला नव्हता.
नवा आला तो बसला, आधीचा उठला नाही,
घर तेवढं तापत गेलं.
अर्धा गुण. बाण सरळ काढल्याबद्दल.

मग बिशॉय.
विधान: सूर्यावर यंत्र चालवणं हा अलीकडचा शोध आहे.
उत्तरसूचीत लिहिलंय, बरोबर.
बिशॉयने लिहिलंय, चूक.
आणि समासात, मुंगीच्या अक्षरात:
माझे खापरपणजोबा आरसे पुसायचे. इथेच, मादीत. १९१३ साली.

मी पेन खाली ठेवलं.
मला हे ठाऊक होतं. मी शिकवलं नव्हतं.

पाच लांबलचक पन्हळी, आतून आरशांनी मढवलेल्या,
सूर्य सरकेल तशा कलत जाणाऱ्या.
त्यांच्यात तापलेल्या पाण्याची वाफ, वाफेवर पंप,
आणि पंपातून नाईल थेट कापसाच्या मुळाशी.
विलायतेहून जहाजाने येणारा कोळसा परवडेना,
ऊन मात्र दारात पडलेलं, कुणी न विचारलेलं.
खमसीन सुटला की काचांवर पिवळी धूळ बसत असेल
आणि शनूदा नावाचा एक माणूस ओला फडका घेऊन
सकाळभर पन्हळीतल्या सूर्याचं तोंड धूत असेल.
रात्री रोट मोडता मोडता बायकोला म्हणत असेल,
आज फार मळला होता.

पण बिशॉय तिथे थांबत नाही.
पुढची ओळ: मग तेलवाल्यांनी रात्री येऊन सगळं फोडलं.

इथे माझी पंचाईत झाली.
रात्री कुणी आलं नाही, पोरा.
लढाई लागली, साहेबलोक आपापल्या देशी गेले,
धातूला भाव आला,
मागाहून तेल स्वस्त झालं आणि कुणाला आठवण राहिली नाही.
खलनायक असता तर बरं होतं,
फळ्यावर त्याचं नाव लिहून पुसता आलं असतं.
पन्हळी मोडायलाही माणसं लागली असतील, रोजंदारीवर.
कोण जाणे, एखादा हातोडा
शनूदानेच उचलला असेल,
घरी सांगितलं नसेल.

हे बारा वर्षांच्या मुलाच्या वहीत कसं लिहू?

उस्ताझ लुत्फी म्हणतात, सूची म्हणजे सूची.
मी सूची उलटी ठेवली, पूर्ण गुण दिला,
आणि समासात त्याच्याच आकाराच्या अक्षरात विचारलं,
रात्रीची गोष्ट तुला कुणी सांगितली?

तेवढ्यात वीज गेली. या उन्हाळ्यात रोजच जाते, वेळ ठरलेली.
पंखा दोन गिरक्या घेऊन थांबला.
खुर्ची खिडकीशी ओढली.
काचेवर बोटभर धूळ, रुमालाने पुसली, जमेल तेवढी.
अजून एकोणचाळीस राहिल्यात.